‘५६ टक्के अमेरिकी विरोधात’ म्हणजे नेमके किती जण?

जून २०२५ मधले ते दहा-बारा दिवस आठवा. इस्राएल आणि इराणची जुंपली होती आणि अमेरिका त्यात उतरणार की नाही, यावर आपल्याकडच्या वाहिन्यांवरही रात्रंदिवस चर्चा चालू होती. २२ जूनला अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणच्या फोर्दो आणि नतांझ इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, इस्फहानवर क्षेपणास्त्रं पडली. आणि मग पट्ट्या सुरू झाल्या: अमेरिकी जनता विरोधात, अमेरिकी जनता द्विधेत, अमेरिकी जनता ट्रम्प यांच्या पाठीशी. तिन्ही पट्ट्या एकाच संध्याकाळी.

गंमत म्हणजे तिन्हींना कुठल्या ना कुठल्या पोलचा, म्हणजे जनमत चाचणीचा, आधार काढता येत होता. हल्ल्याच्या आठवडाभर आधी ‘यूगव्ह’ या पोल घेणाऱ्या संस्थेला ६० टक्के अमेरिकी म्हणाले होते की आपल्या सैन्याने यात पडू नये. पडावं असं म्हणणारे होते फक्त १६ टक्के. १८ जूनला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने विचारलं तेव्हा विरोध ४५ टक्के, पाठिंबा २५ टक्के आणि तब्बल ३० टक्के म्हणाले, सांगता येत नाही. बॉम्ब पडल्यावर सीएनएनच्या पोलमध्ये ५६ टक्के विरोधात, ४४ टक्के बाजूने. त्याच दोन-तीन दिवसांत रॉयटर्स-इप्सॉसच्या पोलमध्ये बाजूने ३६ आणि विरोधात ४५.

विरोधाचा आकडा ६०, मग ४५, मग ५६, पुन्हा ४५. देश तोच, विषय तोच, पंधरवडाही तोच. यातला खरा कुठला? चारही खरे आहेत. ते कसं, हे कळायला आधी पोल नावाचं यंत्र कसं चालतं ते बघावं लागेल.

हजार जणांना विचारून ३४ कोटींचं मत कसं कळणार?

हा पहिला आक्षेप, आणि तो घेणारा माणूस बरोबर दहा मिनिटांपूर्वी कुकर उघडून एक शीत चेपून ‘झालाय भात’ म्हणालेला असतो. शितावरून भाताची परीक्षा चालते, कारण भात सगळीकडून सारखा शिजलेला असतो. पातेलं चार माणसांचं की पंगतीचं, याने फरक पडत नाही. पण शीत वरवरचं घेतलं आणि भात तळाला करपलेला असेल, तर परीक्षा फसली. म्हणून शितं सगळीकडून, कुठलीही निवड न करता घ्यायची. पोलवाल्यांच्या भाषेत हा ‘रँडम’ नमुना: प्रत्येक प्रौढ नागरिकाची त्यात येण्याची शक्यता ठाऊक असते आणि कोण येणार हे कुणी ठरवत नाही.

असा नमुना हजार जणांचा असेल तर आकड्यात साधारण ३ टक्के इकडे किंवा तिकडे फरक पडू शकतो. यालाच ‘मार्जिन ऑफ एरर’ म्हणतात. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरा आकडा या मर्यादेत सापडतो. नमुना चौपट केला, चार हजारांचा, तर फरक निम्मा होऊन दीड टक्क्यावर येतो. चौपट खर्च करून दीड टक्का कमवायचा, म्हणून बहुतेक जण हजारावर थांबतात. देशाची लोकसंख्या ३४ कोटी आहे की ३ कोटी, याचा या हिशेबाशी जवळपास संबंध नाही.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना नव्हे, हे अमेरिकेला १९३६ मध्ये चांगलंच कळलं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जवळजवळ १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. नावं घेतली टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? २३ लाखांवर उत्तरं आली, आणि साप्ताहिकाने जाहीर केलं की रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार. डेमोक्रॅट उमेदवार रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसाने त्याच वेळी सुमारे ५० हजार जणांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. डायजेस्ट दोन वर्षांत बंद पडलं. गॅलप यांची संस्था पुढे कित्येक दशकं राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेच्या आकड्यांसाठी ओळखली गेली.

एक मेख मात्र आहे. ३ टक्क्यांची मर्यादा अख्ख्या नमुन्याला लागू होते, त्याच्या तुकड्यांना नाही. शंभर जणांच्या तुकड्यात ती १० टक्क्यांवर जाते. अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक साधारण ५० लाख, म्हणजे दीड टक्का. हजारांच्या पोलमध्ये ते पंधरा-एक जण येणार, आणि पंधरा जणांवर मर्यादा पोचते २५ टक्क्यांवर! तेव्हा साध्या राष्ट्रीय पोलवरून ‘न्यू जर्सीच्या आपल्या लोकांचा कल कुणाकडे’ अशी बातमी कुणी केली, तर ती पंधरा माणसांची गप्पाष्टक समजावी. त्यांच्यासाठी वेगळी पाहणी करावी लागते, आणि ती होतेही. कार्नेगी संस्थेने २०२४ च्या निवडणुकीआधी केलेल्या पाहणीत भारतीय वंशाच्या मतदारांपैकी ६१ टक्के कमला हॅरिस यांच्याकडे आणि ३२ टक्के ट्रम्प यांच्याकडे झुकलेले होते.

‘पण फोन उचलतो कोण?’

हा आक्षेप पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि पोलवाल्यांची झोप यानेच उडवली आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’ ही अमेरिकेतली या क्षेत्रातली नावाजलेली संस्था. १९९७ मध्ये तिने शंभर ठिकाणी फोन केले तर ३६ ठिकाणांहून मुलाखत मिळायची. २०१८ मध्ये मिळायची ६. अनोळखी नंबर आपण तरी कुठे उचलतो?

मग जे सहा उचलतात, त्यांत म्हातारे जास्त, शिकलेले जास्त, राजकारणात रस असलेले जास्त. हे असंतुलन दुरुस्त करायला ‘वेटिंग’ करतात, म्हणजे जे कमी आले त्यांच्या उत्तराला जास्त वजन द्यायचं, जे जास्त आले त्यांच्या उत्तराला कमी. जनगणनेवरून देशात कोण किती आहे ते माहीत असतं, त्या प्रमाणात नमुना बसवायचा.

हे वजन कुठवर जाऊ शकतं बघा. २०१६ च्या निवडणुकीत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांचा रोजचा पोल चालायचा. तरुण कृष्णवर्णीय पुरुष त्यात फार कमी होते, म्हणून इलिनॉयमधल्या अशा एका मुलाच्या उत्तराला सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळालं. हा पठ्ठ्या ट्रम्प यांच्या बाजूचा! तो एखाद्या आठवड्यात उत्तर द्यायचा, एखाद्या आठवड्यात नाही, आणि त्याच्या येण्या-जाण्याने देशातल्या कृष्णवर्णीयांचा ‘कल’ वर-खाली व्हायचा. खुलासा झाला तेव्हा बरेच दिवस हसं झालं. पण त्यातला विनोद असा की ट्रम्प यांची ताकद कमी लेखणाऱ्या पोलांच्या गर्दीत हाच पोल त्यांना पुढे दाखवणारा होता.

कारण त्याच वर्षी बऱ्याच राज्यांतल्या पोलवाल्यांनी शिक्षणाप्रमाणे वजन दिलंच नव्हतं. कॉलेज शिकलेले जास्त बोलले, न शिकलेले गप्प राहिले आणि मतदानाला मात्र गेले. २०२० मध्ये ती चूक सुधारूनही राष्ट्रीय पोल चाळीस वर्षांत सर्वांत जास्त चुकले. पोलवाल्यांच्या स्वतःच्या व्यावसायिक संघटनेनेच हे अहवाल काढून कबूल केलं. २०२४ मध्ये चूक कमी झाली, पण दिशा तीच राहिली.

‘आमच्याकडचे एक्झिट पोल आपटले ते विसरलात का?’ असं कुणी म्हणेल. विसरलो नाही. जून २०२४ मध्ये साडेतीनशेच्या वर जागा सांगत होते आणि एनडीए थांबली २९३ वर. पण त्या घोटाळ्यात दुहेरी अडचण होती: आधी मतांची टक्केवारी काढायची, मग तिच्यावरून जागा काढायच्या. दोन टक्के मतांच्या चुकीने पन्नास जागा इकडच्या तिकडे होतात. युद्धाविषयीच्या पोलमध्ये जागाबिगा नसतात. लोक निम्म्याहून जास्त विरोधात आहेत की एक-तृतीयांश, एवढंच बघायचं असेल तर ३-४ टक्क्यांची चूक चालून जाते. तिथली खरी चूक गणितात होत नाही, ती होते भाषेत.

शब्द बदला, आकडा बदलतो

आता त्या चार आकड्यांकडे परत येऊ. यूगव्हने विचारलं होतं की इस्राएल आणि इराण यांच्या संघर्षात अमेरिकी सैन्याने पडावं का. दुसऱ्यांच्या भांडणात पडायचं का, असं विचारलं तर लोक ‘नको’ म्हणणारच. ‘पोस्ट’ने विचारलं की इराणच्या अणुकार्यक्रमावरून हवाई हल्ले करावेत का. आता भांडण दुसऱ्यांचं राहिलं नाही, अणुबॉम्बची भीती आली, आणि सैन्य उतरवायच्या ऐवजी वरून हल्ला करायचा आहे. विरोध लगेच ६० वरून ४५ वर. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, फक्त लोकांसमोर ठेवलेली गोष्ट वेगळी आहे.

सीएनएनचे ५६ आणि ४४ मिळवा: १०० होतात. म्हणजे ‘सांगता येत नाही’ म्हणणारे त्यात जवळपास नाहीत, ज्याला त्याला एका बाजूला ढकललेलं आहे. रॉयटर्सचे ३६ आणि ४५ मिळवले की ८१, उरलेले १९ कुंपणावर. त्या १९ जणांना हाताला धरून ‘नाही, एक काहीतरी सांगाच’ म्हटलं तर ते दोन्हीकडे विभागले जातील आणि आकडे जवळजवळ सीएनएनचेच होतील. दोन पोलांमध्ये फरक दिसला की पहिल्यांदा मी हीच बेरीज करतो. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

शब्दांची ताकद दाखवणारं युद्धाविषयीचं सगळ्यात बोलकं उदाहरण जानेवारी २००३ चं. इराकवर चढाई व्हायला दोन महिने होते. प्यूने विचारलं: सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी लष्करी कारवाई करावी का? ६८ टक्के ‘करावी’, २५ टक्के ‘नको’. मग तोच प्रश्न एक वाक्य जोडून विचारला, अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत होण्याची शक्यता असली तरी? बाजूचे ६८ चे झाले ४३, विरोधातले २५ चे ४८. बहुमत एका वाक्यात उलटलं. सरकारने अर्थातच पहिला आकडा वापरला. आणि पुढे इराकमध्ये ४ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले, म्हणजे दुसरा प्रश्नच वस्तुस्थितीला धरून होता.

प्रश्नांचा क्रमसुद्धा काम करतो. १९४८ मध्ये, शीतयुद्ध नुकतं तापत असताना, अमेरिकी लोकांना विचारलं की रशियासारख्या कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन हव्या तशा बातम्या पाठवू द्याव्यात का. ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटाला आधी विचारलं की रशियाने अमेरिकी पत्रकारांना तिकडे येऊ द्यावं का, आणि त्यानंतर हा प्रश्न. ‘आपले तिकडे जावेत, मग त्यांचे इकडे नकोत असं कसं म्हणायचं’ या विचाराने ‘हो’ म्हणणारे एकदम ७३ टक्के झाले. म्हणून चांगल्या संस्था निकालासोबत अख्खी प्रश्नावली छापतात, क्रमासकट. वाहिनीवरच्या पट्टीत ती मावत नाही, हा भाग वेगळा.

ज्यांना माहीत नाही, तेही उत्तर देतात

सिनसिनाटीतल्या काही संशोधकांनी सत्तरच्या दशकात एक खोडी काढली. ‘१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा’ रद्द करावा का, असं त्यांनी लोकांना विचारलं. असा कायदा अस्तित्वातच नव्हता. तरी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनी ठाम मत दिलं. ‘काही कल्पना नाही’ असं कबूल करणं माणसाला जड जातं, समोर वही-पेन घेऊन कुणी बसलं असेल तर आणखी.

डिसेंबर २०१५ मध्ये ‘पब्लिक पॉलिसी पोलिंग’ या डेमोक्रॅट पक्षाच्या अंगाने जाणाऱ्या संस्थेने याच्या पुढची पायरी गाठली. रिपब्लिकन मतदारांना तिने विचारलं की अग्रबाहवर बॉम्ब टाकावेत का. ३० टक्के म्हणाले टाका, १३ टक्के म्हणाले नको. अग्रबाह हे डिस्नेच्या ‘अलादीन’ कार्टूनमधलं काल्पनिक शहर. रिपब्लिकनांना हसणाऱ्यांनी पुढची ओळ वाचली नाही: डेमोक्रॅट मतदारांपैकी १९ टक्क्यांना तिथे बॉम्ब हवे होते आणि ३६ टक्के विरोधात होते. अरबी वाटणारं एक नाव कानावर पडलं आणि दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या पक्षाचं ठरलेलं उत्तर दिलं.

यापेक्षा गंभीर काम २०१४ चं आहे. रशियाने क्रिमिया घेतल्यावर तीन राज्यशास्त्रज्ञांनी दोन हजारांवर अमेरिकनांना जगाचा नकाशा दाखवून म्हटलं, युक्रेन कुठे आहे तिथे क्लिक करा. सहातल्या एकाला जमलं. काहींनी आफ्रिकेत बोट ठेवलं, काहींनी चक्क अमेरिकेतच. आणि ज्याचं बोट खऱ्या जागेपासून जितकं लांब, तितका तो लष्करी हस्तक्षेपाला जास्त अनुकूल निघाला. यावरून अमेरिकन माणूस अडाणी, असा निष्कर्ष काढायची घाई नको. आपल्याला आर्मेनिया आणि अझरबैजान नकाशावर दाखवायला सांगितलं तर आपण कुठे बोट ठेवू, हा प्रश्न आहेच. हजारो मैलांवरच्या देशाविषयी पोटापाण्याच्या उद्योगात असलेल्या माणसाला पक्कं मत असावं, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे.

मग मत येतं कुठून?

बहुतेकदा, आपल्या पक्षाचा पुढारी काय म्हणतो त्यावरून. याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा पुरावा सीरियाने दिला. २०१३ मध्ये असद सरकारने रासायनिक शस्त्रं वापरल्यावर ओबामा क्षेपणास्त्र हल्ल्याचा विचार करत होते. तेव्हा ‘पोस्ट’ आणि एबीसी वाहिनीच्या पोलमध्ये २२ टक्के रिपब्लिकन बाजूने होते. एप्रिल २०१७ मध्ये त्याच असदने पुन्हा रासायनिक हल्ला केल्यावर ट्रम्प यांनी क्षेपणास्त्रं सोडली. आता रिपब्लिकनांचा पाठिंबा ८६ टक्के! डेमोक्रॅट मात्र ३८ वरून ३७ वर, म्हणजे जागच्या जागी. कुणाच्या बाबतीत मत धोरणावर होतं आणि कुणाच्या बाबतीत माणसावर, हे त्या वेळी तरी लख्ख दिसलं. दुसऱ्या प्रश्नांवर डेमोक्रॅट अशाच कोलांट्या मारतात, त्यांनी हुरळून जायचं कारण नाही.

२०२५ च्या इराण हल्ल्यातही तेच. सीएनएनच्या त्या ५६ टक्क्यांच्या पोटात शिरलं की ८८ टक्के डेमोक्रॅट विरोधात आणि ८२ टक्के रिपब्लिकन बाजूने दिसतात. कुठल्याच पक्षाचे नसलेल्यांपैकी ६० टक्के विरोधात, आणि एकूण आकडा त्यांनी ठरवला. आणखी एक बारीक गोष्ट त्यात होती: बाजूच्या रिपब्लिकनांत ‘ठाम’ बाजूचे जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त होते. उरलेले ‘ठीक आहे, आता केलंय तर’ या जातीचे. युद्ध लांबलं असतं तर आधी हेच गळाले असते.

झेंड्याभोवतीची गर्दी

युद्ध सुरू झालं की राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता उसळते, हा अमेरिकी राजकारणातला जुना अनुभव. जॉन म्यूलर या अभ्यासकाने १९७० मध्ये त्याला ‘झेंड्याभोवती गोळा होणं’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते रुळलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधी धाकट्या बुश यांच्या कामावर खूश असलेले ५१ टक्के होते. दोन आठवडे होत नाहीत तोवर ९०. थोरले बुश १९९१ मध्ये कुवेत सोडवून ८९ वर पोचले होते. यशच हवं असंही नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमध्ये अमेरिकी वकिलात ओलीस धरली गेली, ही खरं तर कार्टर यांची नामुष्की, पण त्यांचा आकडा ३२ वरून दोन-अडीच महिन्यांत पन्नाशीच्या पुढे गेला. कॅनेडी तर क्यूबातली फसलेली स्वारी पदरात घेऊन ८३ वर होते.

ही गर्दी जमते तशी पांगते. कार्टर १९८० मध्ये पडले. थोरले बुश ८९ टक्क्यांनंतर दीड-पावणेदोन वर्षांत, अर्थव्यवस्थेच्या मुद्द्यावर, क्लिंटन यांच्याकडून हरले.

आणि जून २०२५ मध्ये ती जमलीच नाही. कारणं दोन असावीत. पहिलं म्हणजे, गर्दी जमते ती विरोधी पक्षाचे नेतेही काही दिवस टीका गुंडाळून ठेवतात तेव्हा. इथे डेमोक्रॅट पहिल्या तासापासून संसदेला विचारलं का नाही म्हणून उठले, आणि ट्रम्प यांच्याच गोटातले काही जण ‘आपण तर परदेशी युद्धं नकोत म्हणून निवडून आलो’ असं कुरकुरत होते. दुसरं, इराक आणि अफगाणिस्तान पाहिलेल्या पिढीला ‘थोडक्यात आटपेल’ हे वाक्य ऐकून माहीत आहे.

‘लोकशाही ना? मग लोकांना नको असलेलं युद्ध होतंच कसं?’

कागदावर पाहिलं तर युद्ध पुकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा नाहीच, तो काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. तिने शेवटचं रीतसर युद्ध पुकारलं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्यानंतरचं आणि रीतसर घोषणेविनाचं. कधी संसदेने परवानगीचा ठराव केला, कधी तेवढंही नाही. व्हिएतनामने पोळल्यावर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने कायदा केला की सैन्य लढाईत घातलं तर ४८ तासांत कळवा आणि संमती मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबवा. एका रात्रीत आटपणाऱ्या बॉम्बफेकीला हे ६० दिवस कुठून लागू पडणार?

दुसरी गोष्ट तीव्रतेची. मत असणं आणि त्या मतासाठी मतदान बदलणं यात फार अंतर आहे. बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, याला अमेरिकेत पोलमागून पोलमध्ये ८५-९० टक्के पाठिंबा मिळतो. सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर एप्रिल २०१३ मध्ये तसं विधेयक सिनेटमध्ये आलं, बाजूने ५४ मतं पडली, विरोधात ४६, आणि विधेयक पडलं, कारण पुढे जायला ६० लागत होती. नव्वद टक्क्यांना ते ‘हवं’ होतं. उरलेल्या दहांतले कित्येक फक्त त्याच एका मुद्द्यावर मत देणारे, आमदार-खासदाराला फोन करणारे, वर्गणी भरणारे होते. पोलमध्ये प्रत्येकाचं माप सारखं, राजकारणात नाही.

आणि तिसरी, जिच्याविषयी कमी बोललं जातं: लढायला जातो कोण? १९७३ पर्यंत सक्तीची लष्करभरती होती. १९६९ मध्ये टीव्हीवर जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या, तेव्हा युद्ध प्रत्येक घरातल्या पोराच्या वाढदिवसापर्यंत आलं होतं. आज सैन्य सगळं स्वेच्छेचं, सेवेत साधारण १३ लाख, लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. बाकीच्यांनी युद्धाला विरोध केला तरी तो बहुधा सोफ्यावरचा विरोध. त्याचा अर्थ सरकारला बरोबर कळतो. मार्च २००८ मध्ये एबीसीच्या मुलाखतीत पत्रकार मार्था रॅडट्झ उपाध्यक्ष डिक चेनी यांना म्हणाल्या की दोन-तृतीयांश अमेरिकनांना इराकचं युद्ध लढण्याजोगं वाटत नाही. चेनी यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: ‘मग?’

मग पोल घ्यायचेच कशाला?

कारण बिल येतं, फक्त उशिरा. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक झाली का, हा एकच प्रश्न गॅलप वर्षानुवर्षं विचारत राहिलं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘चूक’ म्हणणारे २४ टक्के होते, १९६८ च्या उन्हाळ्याअखेर निम्म्याच्या वर, १९७१ मध्ये ६० च्या आसपास. एकेका पोलपेक्षा अशी एकाच शब्दांतली लांब रेघ कितीतरी भरवशाची, कारण शब्दांचा खेळ त्यात कापला जातो. रेघ चढत असतानाच, ३१ मार्च १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. त्याआधी ट्रुमन यांनी कोरियाचं युद्ध रखडलेलं असताना हेच केलं होतं. फेब्रुवारी १९५२ मध्ये त्यांचा आकडा २२ टक्क्यांवर आला होता. इराकचं बिल नोव्हेंबर २००६ मध्ये आलं. रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं गमावली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. तरी बुश यांनी दोन महिन्यांत इराकमध्ये वीस हजारांहून जास्त सैन्य आणखी पाठवलं, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. ज्याला पुन्हा निवडणूक लढवायची नाही, त्याला पोलची धास्ती कमी.

युद्ध संपवणाऱ्यालाही बिल चुकत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बायडन यांनी अफगाणिस्तानातून सैन्य काढलं. काबूल विमानतळावर २६ ऑगस्टला बॉम्बस्फोटात १३ अमेरिकी सैनिक मेले, त्याच आठवड्यात प्यूचे लोक विचारत होते. सैन्य काढायचा निर्णय बरोबर, असं ५४ टक्के म्हणाले. सरकारने परिस्थिती चांगली हाताळली, असं म्हणणारे होते चतुर्थांशाच्या आसपास. गॅलपचा बायडन यांचा आकडा ऑगस्टमध्ये ४९ आणि सप्टेंबरमध्ये ४३ झाला. त्यात कोविडची नवी लाट होती, पुढे महागाईही आली, त्यामुळे सगळं खापर काबूलवर फोडता येणार नाही. पण त्यांच्या कारकिर्दीत गॅलपच्या पोलमध्ये तो पुन्हा पन्नाशीला लागला नाही, आणि ‘सैन्य परत आणा’ हे तर त्यांनी लोकांच्या मनासारखंच केलं होतं.